फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप घेताय? आधी स्क्रीनचा हा आकडा बघा

लॅपटॉप घेताना आपण रॅम विचारतो, एसएसडी विचारतो. स्क्रीनचं मात्र ‘फुल एचडी आहे ना?’ एवढ्यावरच भागवतो. पण तुम्ही जालना, अंबड, भोकरदनकडे लग्नाच्या ऑर्डरी घेऊन फोटो स्वतः एडिट करत असाल, तर तेवढं पुरत नाही. फुल एचडी म्हणजे फक्त पिक्सेलची संख्या, १९२० × १०८०. रंग खरे दिसतील की नाही, ते त्यावरून कळत नाही.

घोळ कुठे होतो?
बऱ्याच स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. अशा स्क्रीनवर एसआरजीबीमधले साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दिसतात. एसआरजीबी हे १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेलं रंगांचं प्रमाण. वेबसाइट आणि अनेक फोटो लॅब आजही तेच धरून चालतात.

अशा स्क्रीनवर नवरीचा लाल शालू फिका, विटकरी दिसतो. म्हणून आपण सॅच्युरेशन वाढवतो. मग तोच फोटो गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर भडक दिसतो, हळद नारिंगी आणि चेहरे लालबुंद. अल्बम छापून आल्यावर चूक कळली, तर परत छपाईचा खर्च आपल्याच खिशातून.

कोणती स्क्रीन घ्यायची?
- टीएन: मान जरा हलवली की रंग बदलतात. फोटोच्या कामाला नकोच.
- आयपीएस: बाजूनेही रंग तेच दिसतात. पण नुसतं ‘आयपीएस’ वाचून थांबू नका, ४५ टक्केवाल्या स्क्रीनही आयपीएस असतात. ‘१०० टक्के एसआरजीबी’ किंवा ‘७२ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं हवं.
- ओएलईडी: काळा रंग एकदम गडद, डीसीआय-पी३ची मोठी रंगकक्षाही बहुधा मिळते. पण एकच टूलबार तासन्‌तास राहिला तर कालांतराने त्याचा डाग राहू शकतो. एडिट करताना एसआरजीबी मोड असेल तर तो लावा, नाहीतर रंग असतात त्याहून गडद दिसतील.

ब्राइटनेस किमान ३०० निट्स हवा. डेल्टा-ई दिलेला असेल तर तो २ पेक्षा कमी असलेला चांगला.

बजेट कमी आहे?
आहे तो लॅपटॉप ठेवा आणि १०० टक्के एसआरजीबीचा आयपीएस मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडा. नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं.

दुकानात काय कराल?
एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या स्क्रीन येतात, म्हणून पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर तपासा. पेनड्राइव्हमध्ये हळदीचा, शालूचा आणि चेहऱ्याच्या क्लोजअपचा असे तीन फोटो न्या, सोबत त्यांचे चांगल्या लॅबमधले प्रिंटही. नाइट लाइट बंद करा, फोटो उघडा आणि प्रिंट शेजारी धरा. शालूचा लाल प्रिंटपेक्षा बराच फिका दिसला, तर तो लॅपटॉप तिथेच ठेवा.