मालगुजारी तलावांचा जीर्णोद्धार : हक्क कोणाचा, श्रम कोणाचे?

वैनगंगेच्या खोऱ्यातील जुन्या तलावांविषयी अलीकडे जे लिहिले जाते, त्यात एक गृहीत वारंवार आढळते. पूर्वी गाव एकदिलाने तलाव राखीत असे, १९५१ मध्ये सरकारने तो आपल्याकडे घेतला, तलाव बुजला, आणि आता गाव पुन्हा जागे होऊन तो दुरुस्त करीत आहे. या कथनाचा मधला भाग बव्हंशी खरा आहे. आरंभ आणि शेवट मात्र तपासून पाहिले पाहिजेत.

या तलावांची परंपरा गोंड राजवटीपर्यंत मागे जाते. चांद्याच्या राजाने काशीहून कोहळी लोकांना आणून त्यांच्याकडून तलाव बांधविले, ही आख्यायिका रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही नोंदलेली आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी कोहळ्यांचे कौशल्य वादातीत आहे. या प्रदेशात पाऊस भरपूर पडतो. परंतु खडक कठीण असल्यामुळे भूगर्भात पाणी थोडे मुरते, आणि भाताला नेमकी गरज असते ती पावसाळा ओसरताना. म्हणून दोन टेकड्यांमध्ये मातीची पाळ घालायची, जादा पाणी सलंगावरून सोडायचे आणि ते खालच्या तलावात किंवा बोडीत पुन्हा अडवायचे, अशी ही साखळी होती. नवेगाव बांध हे तिचे सर्वांत भव्य उदाहरण होय. तेथील तलावाचे कर्तृत्व परंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते.

आता 'गाव एकदिलाने' या शब्दांकडे वळू. १८६० नंतरच्या दशकात झालेल्या इंग्रजी जमाबंदीने मालगुजाराला गावाचा मालक ठरविले, आणि तलावही त्याच्याच मालकीचा झाला. पाळीची डागडुजी, गाळ काढणे, पाटांची साफसफाई ही कामे होत, हे खरे. पण त्यांतील किती श्रम खुषीचे आणि किती वेठबिगारीचे, हा प्रश्न आपले अभ्यासक सहसा टाळतात. वाजिब-उल-अर्जात ग्रामरूढी नोंदल्या गेल्या, पण त्या मुख्यतः शेत कसणाऱ्याच्या दृष्टीने. पाणी वाटणारा पाणकर व्यवस्थेचा एक घटक होता. ढिवर मासे धरी, पण तलावाच्या कारभारात त्याला आवाज नव्हता. प्रस्तुत लेखकाच्या मते ही व्यवस्था कार्यक्षम होती. तिला समतेची म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही.

१९५० च्या मध्यप्रदेश कायद्याने मालगुजारी नष्ट केली, आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. मालकी गेली त्याबरोबर दुरुस्तीची जबाबदारीही गेली. पुष्कळ ठिकाणी विनामूल्य पाण्याचा हक्क जुन्या दफ्तरात नोंदलेला होता. त्यामुळे पाणीपट्टी मिळेना, आणि ज्यातून उत्पन्न नाही त्यावर खर्च करण्यास खाते उत्सुक नसते. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मासेमारी सहकारी संस्थांना मिळाली. साडेसहा हजारांहून अधिक तलावांची ही गत झाली. (सरकारी भाषेत यांना आजही 'मामा तलाव', म्हणजे 'माजी मालगुजारी' तलाव, म्हणतात. मालक जाऊन सात दशके लोटली तरी नाव त्याचेच!)

इ. स. २००० नंतर अर्जुनी-मोरगावच्या परिसरात जे पुनरुज्जीवन झाले, त्याचे पुढाकारी पूर्वीचे मालगुजार नव्हते. मोठे शेतकरीही नव्हते. ते होते ढिवर मच्छीमार. त्यांच्या संस्थांनी तलावात माजलेली बेशरम ही विदेशी वनस्पती हातांनी उपटली. उन्हाळ्यात तळाचा काही भाग नांगरून, पहिल्या पावसानंतर तेथे देवधानासारख्या स्थानिक पाणवनस्पती लावल्या. रोहू, कटला यांच्या बीजावर भिस्त ठेवण्याऐवजी मरळीसारख्या देशी माशांना अंडी घालण्यास उथळ, वनस्पतींनी भरलेली जागा हवी, हे त्यांना वडिलोपार्जित ज्ञानाने ठाऊक होते. स्त्रियांचा या कामातील वाटा लक्षणीय आहे.

या उपायाची तुलना सरकारी खोदकामाशी केल्यास फरक स्पष्ट होतो. डिसेंबर २०१४ पासूनचे जलयुक्त शिवार आणि २०१७ ची गाळमुक्त धरण योजना यांचा हिशेब मुख्यत्वे घनमीटरांत होता. गाळ काढणे आवश्यक आहे, यात शंका नाही. पण यंत्राने काठ सरसकट खोल केला की उथळ पट्टा नाहीसा होतो. साठवण वाढते आणि मासळी घटते. सिंचन करणाऱ्याचा तलाव आणि ढिवराचा तलाव एकाच पाळीच्या आत असले तरी एक नाहीत. म्हणूनच 'लोकसहभाग' हा शब्द वापरताना कोणते लोक, हे विचारावे लागते.

हा वाद आता कागदपत्रांपर्यंत आला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३ (१) (घ) जलाशयांतील मासळीचा सामूहिक हक्क मान्य करते. वनक्षेत्रातील तलावांपुरता का होईना, ढिवरांना त्याचा आधार घेता येतो. परंतु जे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा निवास सिद्ध करावा लागतो. तो काळ थेट १९३० मध्ये, मालगुजारीच्या अमलात जाऊन पोहोचतो. पुराव्यात जमाबंदीचे अहवाल व निस्ताराच्या नोंदी ग्राह्य आहेत. तेव्हा ज्या दफ्तरांनी ढिवराची दखल क्वचितच घेतली, तीच दफ्तरे त्याला आता चाळावी लागत आहेत.