माशी कुणाच्या बंदुकीवर?

अमळनेरचा दगडी दरवाजा आता गावाच्या रहदारीत हरवून गेला आहे. पत्ता सांगायला त्याचा उपयोग होतो, एरवी मान वर करून कोणी बघत नाही. १८१८ मध्ये मात्र बोरीकाठच्या या भुईकोटाकडे कंपनी सरकारचे बारीक लक्ष होते. पेशवाई बुडाली होती, पुण्यावर निशाण चढले होते, पण खानदेशातल्या गढ्यांमधून बसलेल्या अरब शिबंदीला ते मान्य नव्हते. पगार थकलेले, धनी परागंदा आणि हातात बंदूक. अशा माणसाला ‘राज्य बदलले, घरी जा’ म्हणून सांगणे सोपे नसते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत थाळनेरच्या दरवाज्यात बोलाचाली चालू असतानाच अरबांनी मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर यांना कापून काढले. त्यावर सर थॉमस हिस्लॉपने किल्लेदाराला फासावर चढवले. उन्हाळ्यात मालेगावचा वेढा झाला. वर्ष सरता सरता अमळनेरची पाळी आली. इथे फार रक्त सांडले नाही. कंपनीची फौज येऊन थडकल्यावर शिबंदीने बोरीच्या कोरड्या पात्रात उतरून हत्यारे खाली ठेवली.

नदीच्या वाळूत पडलेल्या त्या हत्यारांकडे जरा जवळून बघण्यासारखे आहे. त्या काळी देशी शिपायाकडे असायची ती तोड्याची बंदूक. कानात रंजक भरायची, जामगी पेटवून चापाला लावायची आणि चाप ओढला की जळती वात रंजकेवर टेकायची. पावसात निकामी, वाऱ्यात धोक्याची, भरायला वेळखाऊ. तरी तिच्यात एक गोष्ट होती. अशा बऱ्याच बंदुकांच्या लांब नळीवर पुढच्या टोकाला माशी आणि मागे खाच बसवलेली असे. डोळा, खाच, माशी आणि सावज एका रेषेत आणायचे आणि मग बार काढायचा.

समोरच्या कंपनीच्या शिपायाकडे चकमकीची ‘ब्राऊन बेस’ होती. ती भरायला वेगवान, दणकट आणि एकाच साच्यातली. पण तिच्यावर मागची खाच नव्हतीच. पुढे संगीन अडकवायला एक खुंटी होती, तिलाच माशी मानायचे. कारण त्या शिपायाने एका माणसाचा नेम धरावा अशी अपेक्षाच नव्हती. रांगेत उभे राहायचे, हुकूम झाला की समोरच्या गर्दीत एकदम बार करायचा. ज्याच्याकडे शंभर बंदुका आहेत त्याला माशीची गरज नसते. ज्याच्याकडे एकच आहे आणि काडतुसेही मोजकी, त्याला ती लागते.

पुढच्या दीडशे वर्षांत खानदेशात, आणि तसे पाहिले तर सगळ्या हिंदुस्थानात, शस्त्रांचे जे राजकारण झाले त्यात बंदूक कोणाकडे असावी यावर बरेच लिहिले गेले आहे. नेम कोणाचा लागावा याचाही विचार तितक्याच काळजीने झाला होता, त्याची चर्चा कमी होते.

अमळनेरपासून हाकेच्या अंतरावरच्या धरणगावात लेफ्टनंट जेम्स औट्रमने १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी करायला घेतली. ज्यांना पकडायला कंपनीने दोन-चार वर्षे सातपुडा पालथा घातला होता, त्यांनाच त्याने गणवेश दिला. औट्रम त्यांच्याबरोबर शिकारीला जाई. खानदेशातल्या मुक्कामात त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या नावावर दीडशेच्या वर वाघ जमा आहेत. आज तो आकडा वाचून अंगावर काटा येतो, पण त्या जंगलात तिरकामठा वापरणाऱ्या माणसाची नजर काय असते हे त्याने तिथेच ओळखले. सरकारने ती नजर नोकरीला ठेवली.

ती नजर उलट फिरली १८५७ मध्ये. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक सरकारी चाकरीतून काढला गेला होता, तुरुंगही भोगून आला होता. त्याने भीमा नाईकासह उठाव केला, घाटात सरकारी खजिना लुटला आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या डोंगरात इंग्रजी फौजेला तोंड दिले. लढाईनंतर पकडलेल्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

याच सुमारास हत्यारांच्या बाबतीत जे घडले ते चमत्कारिक आहे. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल तोवर हिंदुस्थानात आली होती. चरबीच्या काडतुसांमुळे ती शाळेच्या पुस्तकातही आहे. पण तिची खरी कमाल नळीतल्या आट्यांत आणि मागच्या शिडीसारख्या साइटमध्ये होती. ती पट्टी उभी करून सरकवली की लांबच्या पल्ल्याचा नेम धरता येई, आणि तिच्यावर आकडे कोरलेले असत ते थेट नऊशे यार्डांपर्यंत. उठाव मोडल्यावर देशी शिपायांसाठी १८५८ चा वेगळा नमुना निघाला. दिसायला तीच बंदूक, पण नळीतले आटे काढून ती गुळगुळीत केलेली, आणि शिडी जाऊन तिच्या जागी एक साधी न हलणारी खाच. शिपायाला बंदूक द्यायची, पण त्याचा नेम लांबवर लागता कामा नये. कारखान्यात मुद्दाम खर्च करून हत्यार बिघडवल्याची अशी उदाहरणे जगात फार नसतील.

हाच प्रयोग विसाव्या शतकात पुन्हा झाला. .३०३ च्या ली-एनफिल्ड रायफली ईशापूरच्या कारखान्यात नेऊन त्यांची नळी गुळगुळीत करण्यात आली, मॅगझिन बंद करून एका वेळी एकच काडतूस भरता येईल अशी सोय केली गेली आणि .४१० ची ‘मस्केट’ पोलिसांच्या आणि पहारेकऱ्यांच्या हाती दिली. फौजेचे .३०३ काडतूस तिच्यात चालत नसे, आणि तोच हेतू होता.

सामान्य माणसाचे दार १८७८ च्या आर्म्स ॲक्टने बंद केले. लॉर्ड लिटनच्या या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना, युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासूनच याविरुद्ध तक्रार चालवली. १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातलेला आहे. गांधीजी हयात असताना, त्यांच्याच काँग्रेसने. पाच वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, हीच काँग्रेस फैजपूरला आली. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, आणि त्यासाठी राबणाऱ्यांत अमळनेरच्या शाळेतून बाहेर पडलेले साने गुरुजी होते. त्यांच्या खानदेशात हक्कांच्या त्या यादीतले हे कलम कोणाला आठवत असेल असे वाटत नाही.

परवाना नाही तर चोरून. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून चतुर्भुज अमीनच्या हाती मुंबईला धाडली. त्यातले एक २१ डिसेंबरच्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेच्या हातात होते. ‘शारदा’चा खेळ होता आणि कलेक्टर जॅक्सनला निरोप द्यायला गाव जमले होते. कान्हेरेने गोळ्या झाडल्या त्या अगदी जवळून. पिस्तुलाच्या माशीचा इथे प्रश्नच आला नाही. खिशात मावणाऱ्या पिस्तुलाचे बळ आणि मर्यादा दोन्ही त्यातच आहेत. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

चिमठाण्याची गोष्ट निराळी. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ लुटला गेला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी त्यात होते, आणि खानदेशची वाट दाखवायला अमळनेर तालुक्याचे डॉ. उत्तमराव पाटील. त्यांच्या पत्नी लीलाताई बेचाळीसच्या चळवळीत अमळनेर पेटवणाऱ्यांच्या पुढे होत्या. समोर शिस्तीत शिकलेले, सरकारी बंदुकांचे पोलीस. इकडे लपतछपत जमवलेली हत्यारे आणि तालमीत कमावलेले अंग. खजिना मिळाला तो नेमबाजीने नव्हे, नेमकी वेळ आणि जागा साधल्याने.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, तो १९६२ पासून लागू झाला. वंशाचा भेद गेला, परवाना राहिला. नऊ मिलिमीटरसारखी फौजी काडतुसे सामान्यांना बंद; .३२ चे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, बारा बोअर, .२२ अशी काही उघडी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर सर्वसामान्य परवानाधारकासाठी परदेशी शस्त्रांची आयातही थांबली. तिथून जुन्या पिस्तुलांचा बाजार सुरू झाला. एखाद्या वेब्ली अँड स्कॉटला, जिच्यावर आजोबांनी फारतर दसऱ्याला हळदकुंकू वाहिले असेल, नव्या देशी पिस्तुलाच्या कितीतरी पट भाव येऊ लागला. ज्याचा खिसा लहान त्याने सरकारी कारखान्याचे .३२ घ्यावे, तेही कुणी वापरलेले.

असे जुने पिस्तूल घेणे म्हणजे मोटारसायकल घेण्यासारखे नाही. विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवायचे, त्यानंतर ४५ दिवस थांबायचे, घेणाऱ्याकडे त्याच बोअरचा परवाना हवा, आणि नळीवरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळायला हवा. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. जास्तीची जमा झाली आणि त्यातली काही पुन्हा दुकानांच्या कपाटांत आली. जाणकार माणूस आधी नळी उजेडाकडे धरतो. आटे स्वच्छ दिसतात की गंजाने खाल्लेत, हे पाहिल्याशिवाय भावाची भाषा करू नये. मग अधिकृत रेंजवर वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून चार-पाच गोळ्या कागदावर. गोळ्या एकत्र पडल्या, पण बाजूला पडल्या, तर पिस्तूल चांगले आहे, साइट चुकली आहे. विखरून पडल्या तर दोष नळीत आहे किंवा हातात, बहुधा हातात.

या छोट्या पिस्तुलांवरच्या साइट म्हणजे नावाला उंचवटे. खिशातून काढताना अडकू नये म्हणून मुद्दाम तेवढ्याच ठेवलेल्या. खाच आणि माशी यांत अंतर जेमतेम बारा सेंटिमीटर. माशी एका मिलिमीटरने बाजूला गेली, तर दहा मीटरवर गोळी आठ सेंटिमीटर सरकते. म्हणून लोक काय करतात? कुणी माशीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो, म्हणजे मावळतीला ती दिसते. परवानाधारक कारागीर मागची खाच डावी-उजवीकडे सरकवून देतो; गोळी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला खाच सरकवायची, माशी सरकवायची तर मात्र उलट. गोळी खाली पडत असेल तर माशी कानशीने कणभर घासायची. कणभरच, कारण घासलेले लोखंड परत येत नाही.

खेळातल्या पिस्तुलाचा मामला याच्या दुसऱ्या टोकाला. भारतीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवख्यांना राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी पायरी आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकले; त्या खेळांत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे असते. त्या पिस्तुलात खाच ते माशी अंतर तीस सेंटिमीटरच्या वर जाते, तीच एका मिलिमीटरची चूक तीन सेंटिमीटरवर येते, आणि तरीही गोळी दहाच्या वर्तुळाबाहेरच. पिस्तुलाला दुर्बीण किंवा लाल ठिपक्याची साइट लावायला नियमांची परवानगी नाही. उघडी खाच आणि माशी, एवढेच. सुधारायचे ते खाचेची रुंदी, माशीची जाडी, स्क्रूच्या एकेका खटक्याने फिरणारी बैठक. नजर माशीवर ठेवायची, लक्ष्य धूसर दिसू द्यायचे. शिकणाऱ्याला नेमके हेच सगळ्यात जड जाते.

२० जूलच्या आतली ४.५ मिलिमीटरची एअर पिस्तुले २०१६ च्या नियमांनुसार परवान्यातून मोकळी आहेत. खानदेशातल्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला वापरलेले एअर पिस्तूल घेऊन सराव करायचा असेल तर कलेक्टर कचेरीच्या चकरा लागत नाहीत.

चोरटा रस्ता दुसरीकडे जातो. अमळनेरहून चोपडा, चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याशी उमर्टी. या नावाची वस्ती सीमेच्या दोन्ही अंगांना आहे. पलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीत सिकलीगर समाजाची घरे आहेत. शीख परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रे घडवणारे आणि त्यांना पाणी देणारे हे लोक. १८७८ च्या कायद्याने त्यांचा धंदा बेकायदा ठरला, पर्यायी धंदा कोणी दिला नाही. काहींनी शेती, कुलपे, भांडी धरली. काही भट्ट्यांवर गावठी पिस्तुले बनत राहिली, आणि ती पुण्या-मुंबईच्या गुन्ह्यांत सापडू लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट तिथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. गावठी पिस्तूल कारखान्याच्या पिस्तुलासारखे दिसते, वर माशीही असते; पण ती दिसण्यापुरती. अशा हत्याराने कोणी दहा मीटरवरच्या कागदावर नेम धरत नाही, आणि बनवणाऱ्यालाही ते ठाऊक असते.

परवानाधारकांचा हिशेब मात्र सरकारी वहीत बसलेला आहे. निवडणूक जाहीर झाली की अमळनेरातल्या बंदुका आणि पिस्तुले आदेशानुसार पोलीस ठाण्यात जमा होतात, पावती मिळते आणि निकालानंतर परत येतात. परवानाधारक वारला आणि मुलाला परवाना नको असेल, तर शस्त्र पोलिसांकडे किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जाते, चिठ्ठी लावून कपाटात ठेवले जाते, आणि पुढचे गिऱ्हाईक येऊन नळी उजेडाकडे धरीपर्यंत तिथेच असते.