उरलेल्या फराळाची गोड-खारी नानखटाई

दिवाळी संपून आठ-दहा दिवस झाले की डब्यांच्या तळाशी चिवड्याचा चुरा, शेव आणि खारे दाणे उरतात. इंदूरकडच्या घरांत शेव तर बारमाही असते. या उरलेल्या जिन्नसांची नानखटाईसारखी खुसखुशीत बिस्किटे होतात. अंडे लागत नाही.

आधी पारख : सादळलेले आणि खवट यांत फरक आहे. सादळलेल्या शेवेत हवेतला ओलावा शिरलेला असतो. भाजल्यावर ती पुन्हा कुरकुरीत होते. खवट झालेल्या पदार्थाचे तेलच बिघडलेले असते. भाजून किंवा साखर घालून ते सुधारत नाही. म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा हुंगावा, चिमूटभर चाखावा. शंका आली तर टाकून द्यावा. मूठभर खवट दाणे वाचवण्यासाठी चांगले तूप वाया घालवणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

प्रमाण (सुमारे 13 नग) : कणीक किंवा मैदा 100 ग्रॅम, फराळाचा जाडसर चुरा 50 ग्रॅम, साजूक तूप 70 ग्रॅम, पिठीसाखर 50 ग्रॅम, बेकिंग पावडर पाव चमचा, थोडी वेलचीपूड. वेगळे मीठ घालू नये. चुऱ्यात ते असतेच. चिवड्यातली मिरची आणि कढीपत्ता काढून टाकावा. लसणाची शेव घेऊ नये.

कृती : थिजलेले तूप व साखर हलके होईपर्यंत फेसावे. पीठ व बेकिंग पावडर एकत्र चाळून घालावी, मग वेलचीपूड व चुरा. गोळा जमेल इतकेच एकत्र करावे. फार मळल्यास बिस्किटे कडक होतात. गोळा कोरडा वाटला तर चमचाभर दूध घालावे. लहान गोळे किंचित दाबून, अंतर ठेवून मांडावेत. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 170 अंश सेल्सिअसवर 15 ते 18 मिनिटे भाजावेत. बाहेर काढताना बिस्किटे मऊच लागतात. निवल्यावर खुटखुटीत होतात.

ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा थर 10 मिनिटे तापवावा. त्यावर स्टँड व ताटली ठेवून, झाकण लावून मंद आचेवर 20 ते 25 मिनिटे भाजावे.

पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावीत आणि आठवड्याभरात संपवावीत. मंडळाच्या कार्यक्रमाला नेताना डब्यावर ‘शेंगदाणे आहेत’ अशी चिठ्ठी जरूर लावावी. काही मुलांना दाण्यांची ॲलर्जी असते आणि चुऱ्यातला दाणा डोळ्यांना दिसत नाही.