सुंठीवाचून खोकला

आले हे मूळ नव्हे. ते जमिनीखाली वाढणारे खोड आहे. त्यावरचे डोळे आणि पेरी दाखवून आपण हे वर्गात पटवून देतो. हेच खोड वाळवले की त्याची सुंठ होते. संस्कृत वैद्यकग्रंथांत सुंठीला ‘विश्वभेषज’ व ‘महौषध’ अशी भारदस्त नावे आहेत आणि सांधे सुजून दुखणाऱ्या आमवातावर ती सांगितलेली आहे. परंतु एखादी गोष्ट शतकानुशतके सांगितली जाणे वेगळे आणि ती सिद्ध होणे वेगळे. आल्याच्या बाबतीत या दोहोंमधले अंतर विज्ञानाने कसे आणि कितपत कापले, ते पाहू.

आरंभ रसायनशास्त्रज्ञांनी केला. आल्याचा तिखटपणा नेमका कशात आहे, हा त्यांचा प्रश्न होता. १८७९ मध्ये इंग्लंडमधील थ्रेश यांनी आल्यातील तिखट द्रव्य वेगळे काढून त्याला ‘जिंजेरॉल’ हे नाव दिले. १९१७ मध्ये जपानच्या नोमुरा यांनी ‘झिंजेरोन’ हे द्रव्य ओळखले. आले वाळताना जिंजेरॉलच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि ‘शोगाओल’ तयार होते. आल्याला जपानी भाषेत ‘शोगा’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. म्हणजे ओले आले आणि सुंठ यांना वेगवेगळी नावे देणाऱ्या आपल्या पूर्वजांनी एक खरा रासायनिक फरक जिभेने ओळखला होता.

द्रव्ये सापडली, पण ती सुजेवर काय करतात हे कळायला आधी सूज कशी येते हे कळणे आवश्यक होते. १९७१ मध्ये लंडनच्या जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की, ॲस्पिरिन शरीरातील प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखते. दुखावलेल्या ऊतीत ही द्रव्ये वाढतात आणि तेथे लाली, सूज व वेदना येतात. या शोधासाठी व्हेन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांच्यासमवेत मिळाले. त्याच वर्षी किउची, शिबुया व सांकावा या जपानी संशोधकांनी आल्यातील द्रव्येही प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात असे प्रसिद्ध केले. जुन्या औषधाला नवे स्पष्टीकरण मिळाले.

येथे घाई करून चालणार नाही. परीक्षानळी म्हणजे माणूस नव्हे. खाल्लेल्या जिंजेरॉलला आतड्यात व यकृतात दुसरे रेणू जोडले जातात आणि मूळ रूपात ते रक्तात फारसे आढळत नाही. तेव्हा खरी परीक्षा रुग्णांवरच व्हायला हवी.

१९९२ मध्ये डेन्मार्कमधील श्रीवास्तव व मुस्तफा यांनी आले घेणाऱ्या ५६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यापैकी ज्यांना संधिवात होता, अशा तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांना कमी-अधिक आराम पडला होता. आकडा मोठा आहे. पण तुलनेसाठी आले न घेणारा गट तेथे नव्हता. सांधेदुखी आपोआपही कमी-जास्त होत असते. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ असे आपण म्हणतो. खोकला सुंठीवाचूनही जातो, हे या म्हणीला ठाऊक आहे! म्हणूनच काहींना औषध व काहींना तसेच दिसणारे निरौषधी द्रव्य देऊन, कोणाला काय मिळाले हे रुग्णाला व डॉक्टरलाही कळू न देता तुलना करावी लागते.

तशी तुलना पुढे झाली. २००० साली डेन्मार्कमध्येच झालेल्या चाचणीत आयबुप्रोफेन सर्वांत गुणकारी ठरले. आल्याचा अर्क व निरौषधी द्रव्य यांत एकंदरीत खात्रीलायक फरक दिसला नाही. २००१ साली अमेरिकेतील ऑल्टमन व मार्क्युसन यांनी गुडघ्याची झीज झालेल्या रुग्णांवरील सहा आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. उभे राहताना होणारी वेदना अर्क घेणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोकांत कमी झाली, तर निरौषधी द्रव्य घेणाऱ्यांपैकी ५० टक्के लोकांत. शिवाय तो अर्क आले व त्याच्याच कुळातील कुलिंजन या दोहोंचा होता. श्रेय एकट्या आल्याला देता येत नाही. पोटाच्या किरकोळ तक्रारीही अर्क घेणाऱ्यांत अधिक होत्या. २०१५ मध्ये अशा पाच चाचण्यांतील ५९३ रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्याचा निष्कर्ष असा, की गुण आहे, पण माफक.

‘माफक’ या शब्दाला व्यवहारात फार महत्त्व आहे. हे आकडे मुख्यतः झिजेमुळे होणाऱ्या संधिवाताचे आहेत. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर उलटते आणि वेळीच उपचार न झाल्यास सांधे कायमचे वाकडे होतात. अशा रुग्णाने डॉक्टरांची औषधे सोडून सुंठीवर विसंबणे धोक्याचे आहे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनीही आल्याचा अर्क विचारल्याशिवाय घेऊ नये. चहातल्या आल्याची गोष्ट निराळी.

विद्यार्थ्यांपुढे ६३ व ५० हे दोन आकडे जरूर मांडावेत आणि विचारावे, की यात औषधाचा वाटा किती? बहुतेक मुले ६३ म्हणतील. उत्तर आहे शंभरात १३, कारण उरलेल्या पन्नासांचा खोकला सुंठीवाचूनच गेला होता.