आकड्यांची औषधपेटी

डॉक्टर दूर असला म्हणजे घरच्या बाईचा जीव कसा टांगणीला लागतो, हे भगिनींना सांगायला नको. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात तर तो शेकडो मैलांवर असे. त्यावर तेथील लोकांनी काढलेली तोड ऐकण्यासारखी आहे.

१९१७ साली हॉल्स क्रीक येथे जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडून जबर जखमी झाला. गावात डॉक्टर नव्हता. पोस्टमास्तर टकेट यांनी पर्थच्या डॉ. हॉलंड यांना तारा केल्या आणि तारेने आलेल्या सूचनांबरहुकूम खिशातल्या चाकूने शस्त्रक्रिया केली! पुढे डॉक्टर स्वतः निघाले. पण ते पोचण्याच्या आदल्याच दिवशी डार्सी वारला.

अशा मरणांनी रेव्हरंड जॉन फ्लिन यांना स्वस्थ बसू दिले नाही. त्यांच्या खटपटीने १५ मे १९२८ रोजी क्लॉनकरी येथे विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. पण विमान बोलवायचे कसे? आल्फ्रेड ट्रेगर यांनी सायकलसारखे पायाने चालणारे बिनतारी यंत्र बनवले. १९२९ पासून ते दूरदूरच्या घरी बसू लागले.

मला मात्र सर्वांत मोल वाटते ते १९४२ साली निघालेल्या औषधपेटीचे. तीत प्रत्येक औषधाला आकडा होता. डॉक्टरांनी आकडा सांगावा, बाईने ते औषध द्यावे. औषधांची अवघड नावे पाठ असण्याची गरजच उरली नाही!

आपल्याकडे २०१९ साली सरकारची ई-संजीवनी सेवा निघाली व एप्रिल २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांचा मोफत सल्ला मिळू लागला. सोय मोठीच, पण ती सर्वांच्या हाती कोठे येते? आमच्या शेजारच्या आजींना एकदा फोनवर औषधांची चिठ्ठी आली, ती इंग्रजीत. त्या सकाळची गोळी रात्री घेत होत्या! नातवाकडून वाचून घेऊन मी पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढून दिले. मग चूक झाली नाही.

म्हणून मंडळापुढे एक विनंती ठेवते. फोन वापरता येणाऱ्या दोघीतिघींनी आठवड्यातून एक दुपार मंडळाच्या खोलीत बसावे. डॉक्टरांशी गाठ घालून द्यावी, चिठ्ठी मराठीत समजावून द्यावी आणि एखादीला आपले दुखणे एकान्तात सांगायचे असेल, तर दार ओढून घेऊन बाहेर थांबावे.