भरतीरेषेची कुळकथा

माळव्यातील अमझेऱ्याचे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजीअप्पांनी मोगल सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा भाऊबंद दया बहादूर यांचा तेथे जो मोड केला त्यामुळे. परंतु ज्या सरदारपूर तहसिलीत हे गाव मोडते त्याच तहसिलीत, मिंडा गावाजवळ, मही नदी उगम पावते आणि विंध्याच्या उतरणीवरचे ते पाणी राजस्थानातून वळसा घेऊन, ५८३ किलोमीटरांच्या प्रवासाअंती खंबायतच्या आखातात समुद्रास मिळते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी राहत नाही. किनाऱ्याच्या रक्षणाचा आपल्या देशातील सगळा कायदा ज्या एका रेषेवर उभा आहे, त्या भरतीरेषेची कुळकथा अमझेऱ्यापासून सांगण्याचे कारण त्या पाण्यातच आहे.

खंबायतच्या आखाताची भरती प्राचीन काळापासून दर्यावर्दींना धाक घालीत आली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या सागरवर्णनात महीच्या मुखाचा उल्लेख असून, भडोचच्या बंदरात शिरणाऱ्या गलबतांना वाट दाखविण्यासाठी राजाच्या चाकरीतील कोळी आपल्या होड्या घेऊन पुढे जात, असेही त्यात नमूद आहे. भरतीची दखल सरकारने घ्यावी हा विचार, म्हणजे, या मुलखाला नवा नव्हे; तिची हद्द जमिनीवर आखून तो दस्तऐवज करण्याची कल्पना मात्र पुष्कळ उशिरा आणि निराळ्याच वाटेने आली.

समुद्रकिनारा सर्वांच्या मालकीचा, आणि तो हिवाळ्यातील सर्वांत मोठी लाट जेथवर चढते तेथवर, असा दंडक ५३३ साली जस्टिनियन बादशहाच्या कायद्याच्या ग्रंथात नोंदला गेला. भूमध्य समुद्राला भरती अशी जवळजवळ नाहीच, तेव्हा तेथील विधिज्ञांनी लाटेवरून माप घेतले हे स्वाभाविक होते. इंग्लंडच्या किनाऱ्याला मात्र दिवसातून दोनदा भरती, आणि तीही अमावास्या-पौर्णिमेस उधाणाची, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची; तेव्हा राजाची जमीन कोठे संपते आणि जमीनदाराची कोठे सुरू होते, हा तंटा तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालला. १८५४ साली तेथील न्यायालयाने निवाडा दिला, की उधाण आणि भांग यांच्या दरम्यानच्या मध्यम भरतीची सरासरी घ्यावी. कारण ज्या जमिनीवर पाणी केवळ उधाणाच्याच दिवशी येते ती वर्षातील बहुतेक दिवस कोरडी, म्हणून लागवडीस योग्य, आणि लागवडीस योग्य ती खाजगी. ही रेषा पाण्याची खरी. परंतु तिच्यामागची दृष्टी निखळ महसुली आहे, हे विसरता कामा नये.

भारतात या रेषेला जे नवे आयुष्य मिळाले त्याचा आरंभ २७ नोव्हेंबर १९८१ च्या पत्रात आहे. इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळविले, की कमाल भरतीच्या पाण्यापासून निदान ५०० मीटरपर्यंतचा किनारा सर्व व्यवहारांपासून मोकळा ठेवावा. पत्र म्हणजे कायदा नव्हे. त्याला कायद्याचे बळ आले ते पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ अन्वये १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघालेल्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने. या अधिसूचनेने इंग्रजी निवाड्यातील मध्यम भरती बाजूस सारून उधाणाची भरती पत्करली. इंग्रजांची रेषा जमीन कोणाची हे सांगत होती. आपली रेषा जमिनीवर काय करू नये हे सांगू लागली. माझ्या मते या कुळकथेतील सर्वांत थोर घटना ती हीच.

अशी रेषा प्रत्यक्ष मोजणीत सापडावी कशी? पाणी तर तासाभरात मागे सरते. म्हणून मोजणी करणारे पाण्याने मागे ठेवलेल्या खुणा शोधतात: पुळणीची जमिनीकडची उंच कड, खडकाळ किनाऱ्यावर कायम रुजलेल्या झुडपांची ओळ, आणि खाडीकाठी तिवरांच्या रानाची आतली बाजू. तिवर हा या हद्दीचा जिवंत साक्षीदार होय; तो तोडणारा माणूस माशांचा आसरा उजाड करतोच, शिवाय हद्दीचा पुरावाही नाहीसा करतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली महाराष्ट्रात तिवरांच्या तोडीस मनाई केली तिचे मोल या दृष्टीनेही मोठे आहे.

आता महीकडे वळू. नदीत आणि खाडीत समुद्राचा अंमल कोठवर मानावा, याचे उत्तर २०११ च्या अधिसूचनेने मिठात शोधले: वर्षातील अत्यंत कोरड्या काळात ज्या ठिकाणी पाण्यातील क्षारता हजारी ५ भाग भरते, तेथवर किनाऱ्याचा कायदा लागू. परंतु त्या काळात नदीमुखाशी गोडे पाणी किती पोहोचते, हे समुद्र ठरवीत नाही. ते बांसवाड्याचे धरण, कडाणा आणि वणाकबोरीचा बंधारा ठरवितात, आणि त्यांच्याही वर सरदारपूरच्या शेतांतील ओढे. गोडे पाणी अडले की खारे पाणी वर चढते, आणि त्याच्याबरोबर किनाराही आत सरकतो. अमझेऱ्याचा शेतकरी समुद्र न पाहताही या हद्दीचा एक कर्ता आहे.

रेषा टिकली, पण तिच्यामागची मोकळी जागा आक्रसत गेली. खाडीकाठची १०० मीटरांची मर्यादा १९९४ साली ५० वर आणण्यात आली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. आणि १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेत तेच ५० मीटर परत आले. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील २०० मीटरांचा ना-विकास पट्टाही तिने ५० मीटरांवर आणला. न्यायालयाने एकदा नाकारलेली सवलत तेवीस वर्षांनी अधिसूचनेच्या वाटेने परत यावी, हे मला अनुचित वाटते.

किनाऱ्याच्या व्यवस्थापनाचे नकाशे कायम होण्यापूर्वी त्यांचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला करावा लागतो. किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकाने तो मसुदा मागून घ्यावा, आपल्या गावाची रेषा त्यात कोठून नेली आहे ते पाहावे, येत्या अमावास्येस भरतीच्या वेळी तेथे जाऊन उभे राहावे, आणि पाणी रेषेच्या आत आलेले दिसले तर तशी लेखी हरकत मुदतीत दाखल करावी.