तुरुंगातला पाहुणा अभ्यासक

शीळफाट्यावरून एक रस्ता कल्याणला जातो, तिथे आधारवाडीचा तुरुंग. मुंब्र्याकडचा रस्ता धरला की ठाणे. तिथला तुरुंग तर किल्ल्यातच आहे. पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला. दोन्ही भिंती आपण बसमधून रोज बघतो. आत बघायचा हक्क कुणाला, हा आजचा प्रश्न आहे.

विद्यापीठांच्या गुन्हेशास्त्र संस्थांमध्ये पाहुण्या अभ्यासकांना बोलावण्याची पद्धत आहे. काही महिने यायचं, ग्रंथालय वापरायचं, चर्चा करायची, परत जायचं. अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही तो. फेलोशिपवाल्याची मात्र येण्याची आणि जाण्याचीही तिथी ठरलेली असते! केंब्रिजची अशी संस्था १९५९ साली सुरू झाली. तिचे पहिले संचालक लिऑन रॅडझिनोविच हे मूळचे पोलंडचे. १९३८ मध्ये पोलंडच्या न्याय मंत्रालयासाठी इंग्लंडची दंडव्यवस्था अभ्यासायला आले, पुढे युद्ध झालं आणि ते तिथलेच झाले. म्हणजे पाहुणाच यजमान झाला.

आपल्याकडचा मोठा पाहुणा म्हणजे वॉल्टर रेकलेस. ओहायो स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक. १९५१-५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून ते भारतातल्या तुरुंगांचा अभ्यास करायला आले. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून होतीच. तुरुंग अधिकाऱ्यांना शिकवण्याचं काम पुढे तिच्याकडे आलं. रेकलेस यांचं म्हणणं असं, की तुरुंग ही सुधारण्याची जागा व्हावी, अल्पवयीन मुलांना मोठ्यांच्या कोर्टात आणि कोठडीत ढकलू नये, आणि जुनाट जेल मॅन्युअल बदलावीत. १९५२ मधल्या कारागृह महानिरीक्षकांच्या परिषदेनं त्याला पाठिंबा दिला, १९५७ साली अखिल भारतीय समिती नेमली गेली आणि त्यातून आदर्श नियमावली आली. एका पाहुण्याच्या पदरात एवढं पडणं, हे थोडं नाही.

पण त्याच १९५२ च्या ३१ ऑगस्टला दुसरी एक गोष्ट झाली. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. या कायद्यानं माणूस गुन्हा केल्यामुळे नाही, तर जन्मामुळे गुन्हेगार ठरत होता. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड कुटुंबंच्या कुटुंबं ठेवली होती, हजेरी लागत होती. आता बघा, त्या लोकांचा अभ्यास तर भरपूर झाला. अधिकाऱ्यांनी केला, मिशनऱ्यांनी केला. जाडजूड अहवाल निघाले. मग ज्ञान कमी होतं का? नव्हतं. तपासायचं होतं ते गृहीतक, आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. तत्त्वज्ञानात आम्ही आयुष्यभर हेच शिकवलं, की निरीक्षण कितीही बारीक असलं तरी प्रश्नच चुकलेला असेल तर उत्तर चुकीचंच मिळतं.

रेकलेस यांचं पुढचं काम याच कारणासाठी आम्हाला महत्त्वाचं वाटतं. १९५६ च्या सुमारास त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रश्न फिरवला. बिघडलेल्या वस्तीतली मुलं का बिघडतात, हे सगळेच विचारत होते. त्यांनी विचारलं, त्याच वस्तीतली चांगली मुलं चांगली का राहतात? उत्तरात त्यांनी मुलाच्या स्वतःबद्दलच्या प्रतिमेवर भर दिला. हे सगळं पटत नाही आम्हाला, मुलाच्या मनावर फार भार आणि पोलिसांच्या नजरेवर फार कमी. पारध्याच्या पोरानं स्वतःला कितीही चांगलं मानलं, तरी चोरी झाली की पहिली झडती त्याच्याच पालाची. असो.

आणि नियमावल्यांचं काय झालं? तुरुंगात जातीप्रमाणे कामं वाटणारी, विमुक्त जमातींना सराईत मानणारी कलमं अनेक राज्यांत टिकून राहिली. ती सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ ला घटनाबाह्य ठरवली. अर्ज कुणी केला होता? पत्रकार सुकन्या शांता यांनी. कुठल्या फेलोशिपवर आलेल्या पाहुण्यानं नव्हे.

म्हणून पाहुण्यांना बोलावू नये, असं आम्ही म्हणत नाही. बाहेरच्या डोळ्याला घरातलं जळमट लवकर दिसतं. पण २०१५ साली एका माहितीपटावरून वाद झाल्यावर केंद्रीय गृहखात्यानं संशोधक, पत्रकार, चित्रपटवाले अशा सगळ्यांच्या तुरुंगभेटींवर अटी घातल्या. दार अरुंद झालं की आत तोच जातो ज्याची ओळख मोठी. कल्याणच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकणाऱ्या, आधारवाडीपासून पायी अंतरावर राहणाऱ्या मुलीला तिथला अभ्यास करायचा असेल, तर तिला पत्र कोण देणार?